ध्येयवादी कोणी कोणाला म्हणावे?

काही दिवसांपूर्वी एका माध्यमिक शाळेतील निरोपसमारंभाला उपस्थित राहण्याचा योग आला. तीस-बत्तीस वर्षे गणित शिकवून एक शिक्षक निवृत्त होत होते. शाल, श्रीफळ, मानपत्र असे सारे यथासांग पार पडले. संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापक, माजी विद्यार्थी असे पाच-सहा वक्ते बोलले आणि त्या सर्वांनी सत्कारमूर्तींचे वर्णन करताना 'ध्येयवादी' हे विशेषण न चुकता वापरले. एका वक्त्यांनी तर, या ध्येयवादी शिक्षकाने वर्षानुवर्षे जादा तास घेतले आणि त्याबद्दल एक पैसाही मागितला नाही, असे मोठ्या अभिमानाने सांगितले. उत्तरादाखल ते शिक्षक अगदी थोडे बोलले. ते म्हणाले, "मला गणित शिकवण्याची गोडी होती, म्हणून मी शिकवले. पैसे मागितले नाहीत, हे मात्र बरोबर नाही. तीन अर्ज केले होते. उत्तर आले नाही." सभागृहात थोडा हशा पिकला आणि मंडळी चहापानाकडे वळली.

तो हशा मला विसरता आला नाही. एखाद्याला 'ध्येयवादी' म्हटले की त्याच्या अर्जाला उत्तर देण्याची गरज उरत नाही, अशी सोय आपल्या भाषेत केव्हा निर्माण झाली? शब्द झिजतात, त्यांचे अर्थ पालटतात, यात नवल नाही. परंतु ज्या शब्दाच्या बळावर महाराष्ट्राने आपल्या शाळा, वसतिगृहे, ग्रंथालये आणि चळवळी उभ्या केल्या, तोच शब्द देणे चुकविण्याच्या कामी येऊ लागला, तर त्याची विचारपूस करणे भाग आहे.

एका शब्दाचे तीन शब्द

इंग्रजीतील 'आयडियलिझम' या एकाच शब्दाच्या पोटात निदान तीन अर्थ एकत्र नांदतात. मराठीने त्यांना वेगवेगळी घरे बांधून दिली आहेत, हे आपल्या भाषेचे भाग्यच म्हटले पाहिजे. पहिला अर्थ तत्त्वज्ञानातला. विश्वाच्या मुळाशी जड द्रव्य नसून मन किंवा चैतन्य आहे, असे मानणाऱ्या मताला आपण 'चिद्वाद' म्हणतो. युरोपात या मताचा एक ठळक पुरस्कर्ता म्हणजे बिशप बर्कली (१६८५–१७५३). वस्तूचे असणे म्हणजे कोणाच्या तरी जाणिवेला प्रतीत होणे, असे त्याचे प्रतिपादन होते. १७६३ साली डॉ. जॉन्सन यांनी एका मोठ्या दगडाला लाथ मारून या मताचे खंडन केल्याची कथा बॉस्वेलने नोंदवून ठेवली आहे. पण दगड कठीण नाही, असे बर्कलीचे म्हणणे कधीच नव्हते. काठिण्य हीसुद्धा एक जाणीवच, एवढेच तो म्हणत होता. आपल्याकडे असंग आणि वसुबंधू या बौद्ध आचार्यांनी विज्ञानवादाची मांडणी त्याच्या कितीतरी शतके आधी केली होती. गंमत अशी की, जगाला मिथ्या म्हणणाऱ्या शंकराचार्यांनीच ब्रह्मसूत्रांवरील भाष्यात या विज्ञानवादाचे खंडन केले. खांब, भिंत, घट, पट या वस्तू आपल्याला बाह्य वस्तू म्हणूनच प्रतीत होतात, ती प्रतीती नाकारता येत नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे.

हा वाद मोठा आणि रम्य आहे. परंतु त्याचा त्या गणिताच्या शिक्षकांशी काही संबंध नाही. चिद्वादी माणूस पक्का व्यवहारी असू शकतो आणि जडवादी माणूस आपले सर्वस्व एखाद्या कार्याला वाहू शकतो. रशियातील आणि आपल्याकडील कितीतरी साम्यवादी कार्यकर्त्यांनी चिद्वादाला कडाडून विरोध केला. त्यांच्या त्यागाला मात्र विरोधकांनीही ध्येयवादच म्हटले. तेव्हा हे पहिले घर बाजूला ठेवून आपण उरलेल्या दोन घरांकडे वळू. ती घरे म्हणजे 'आदर्शवाद' आणि 'ध्येयवाद'. रोजच्या बोलण्यात आपण हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. त्यांची मुळे मात्र निराळी आहेत.

आदर्श म्हणजे आरसा

'आदर्श' हा शब्द 'दृश्', म्हणजे पाहणे, या धातूपासून आला आहे. संस्कृतात त्याचा मूळ अर्थ आरसा. किंबहुना आपल्या घरातल्या भिंतीवरचा 'आरसा' हा शब्दही या 'आदर्शा'चाच प्राकृतातून घरंगळत आलेला वंशज आहे. योगायोग असा की, 'आयडिया' हा ग्रीक शब्दही पाहण्याच्याच अर्थाच्या धातूतून निघाला असून तो आपल्या 'विद्' धातूचा दूरचा भाऊबंद आहे. आरशाचा उपयोग काय? त्यात आपण आपला चेहरा पाहतो. दुसऱ्यासमोर आरसा धरून उभे राहणे हा त्याचा मुख्य उपयोग नव्हे, एवढे या व्युत्पत्तीवरून ध्यानात ठेवले तरी पुरे.

आदर्शाचा दुसरा उपयोग मापाचा. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना 'आदर्श वायू' परिचयाचा असतो. ज्याच्या रेणूंना आकारमान नाही आणि ज्यांच्यात परस्पर आकर्षण नाही, असा हा वायू आहे. असा वायू जगात कोठेही सापडत नाही. मग त्याचे समीकरण मुलांकडून घोकून का घ्यायचे? कारण खरा वायू या आदर्शापासून किती आणि कोणत्या दिशेने ढळतो, हे मोजल्याशिवाय खऱ्या वायूचा स्वभाव कळत नाही. डच शास्त्रज्ञ व्हान डर वाल्स याने १८७३ साली आपल्या प्रबंधात हे ढळणे समीकरणात बसविले. त्यासाठी १९१० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या विचाराच्या आधारे पुढे जाऊन कॅमरलिंग ओनेस याने १९०८ साली हेलियम वायूचे द्रवात रूपांतर करून दाखविले. जे अस्तित्वात नाही त्याला माप मानल्यामुळे जे अस्तित्वात आहे ते माणसाच्या हाती आले. भूमितीतील रुंदी नसलेली रेषाही अशीच.

"आदर्श वगैरे सगळे पुस्तकात असते, प्रत्यक्षात तसे काही नसते," असे म्हणणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर देण्याचे कारण नाही. प्रत्यक्षात नसते, म्हणूनच ते मोजण्याच्या उपयोगी पडते. निवडणुकीच्या काळात लागू होणाऱ्या नियमावलीला आपण 'आदर्श आचारसंहिता' म्हणतो, ते याच अर्थाने. आचार तिच्यापासून किती ढळला, हे मोजता यावे म्हणून ती असते.

या शब्दाची पुढे काय अवस्था झाली, तीही पाहण्यासारखी आहे. 'आदर्श शिक्षक' होण्यासाठी स्वतःच स्वतःचा प्रस्ताव तयार करून, त्याला कात्रणे आणि प्रमाणपत्रे जोडून वरिष्ठांकडे सादर करावा लागतो, याची आता कोणाला गंमतही वाटत नाही. २०१० साली कुलाब्यातील ज्या एकतीस मजली इमारतीच्या प्रकरणामुळे एका मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले, तिचे नावही 'आदर्श'च होते. आरसा असा भिंतीवर पाटीसारखा ठोकला, की त्यात कोणी तोंड पाहत नाही.

ध्येयाचा जन्म आणि त्याची थट्टा

'ध्येय' हा शब्द 'ध्यै' या धातूपासून आला आहे. ज्याचे ध्यान करावे, जे सतत मनासमोर ठेवावे, ते ध्येय. आदर्शात पाहणे आहे. ध्येयात चिंतन आहे, सातत्य आहे. ध्यान ज्याचे त्यानेच करावयाचे असते. एकाने दुसऱ्याकडून ध्यान करवून घेतले, असे कधी घडत नाही. ध्येयवाद हा शब्द व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर प्रथमपुरुषी आहे. "माझे हे ध्येय आहे" या वाक्याला अर्थ आहे. "तुमचे हे ध्येय असले पाहिजे" हे वाक्य मात्र बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावर कधी उपदेश ठरते, कधी हुकूम आणि कधी निव्वळ लबाडी.

मराठी वाचकाच्या मनात हा शब्द घट्ट रुजविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी वि. स. खांडेकरांना द्यावे लागेल. १९२० ते १९३८ ही अठरा वर्षे त्यांनी शिरोड्यासारख्या आडगावी शाळेत शिकवण्यात घालविली. 'उल्का' आणि 'दोन ध्रुव' या १९३४ सालच्या कादंबऱ्या त्याच मुक्कामातल्या. त्यांच्या नायक-नायिकांनी दोन पिढ्यांतील तरुणांना झोपेतून उठविले, हे त्यांच्या शैलीला नाके मुरडणाऱ्यांनाही मान्य करावे लागते. स्वातंत्र्यानंतर मात्र वारे फिरले. पु. ल. देशपांडे यांच्या 'तुझे आहे तुजपाशी' (१९५७) या नाटकात प्रेक्षक रसिक काकाजींच्या बाजूने हसले आणि व्रतस्थ आचार्य हास्यास्पद ठरले. वसंत कानेटकरांच्या 'अश्रूंची झाली फुले' (१९६६) मध्ये प्राचार्य विद्यानंद हा ध्येयवादी माणूस खोट्या आरोपाखाली तुरुंगात जातो आणि सूडाने पेटून बाहेर येतो. ही दोन्ही नाटके तुफान चालली, याचा अर्थ मराठी मध्यमवर्गाला ध्येयवादाचा कंटाळा आला होता, असा काढला जातो. मला तो पुरता पटत नाही. आचार्यांची खोड व्रत घेण्यात नव्हती. स्वतःचे व्रत त्यांनी भोवतालच्या तरुण माणसांवर लादले होते, ही त्यांची खोड. प्रेक्षक हसले ते प्रथमपुरुषाचा द्वितीयपुरुष झाला म्हणून.

पंचाहत्तर रुपयांचा हिशेब

प्रथमपुरुषी ध्येयवाद कसा असतो, याचे उदाहरण पुण्यातच आहे. १८८० सालच्या पहिल्या दिवशी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. पुढे आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्गसन महाविद्यालय उभे राहिले. सरकारी नोकरीचे दार उघडे असलेल्या या पदवीधरांनी तुटपुंज्या वेतनावर आयुष्याची वीस वर्षे संस्थेला देण्याचे स्वतःच ठरविले. गोखल्यांनी मासिक ७५ रुपयांवर ही मुदत पुरी केली आणि १९०२ साली ते निवृत्त झाले.

या मंडळींत पैशावरून वाद झाले नाहीत, असे मुळीच नाही. वाद झाले, आणि ते कडाक्याचे झाले. आजीव सदस्याने आपला सर्व वेळ संस्थेलाच द्यावा, बाहेरच्या मिळकतीचे मार्ग बंद ठेवावेत, जेझुइट पाद्र्यांसारखी शिस्त पाळावी, असा टिळकांचा आग्रह होता. आगरकर, गोखले आदींना वेतनवाढ आणि बाहेरची कामे यांविषयी अधिक मोकळीक हवी होती. मतभेद विकोपाला गेले आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. यात कोण अधिक ध्येयवादी, हा प्रश्न शंभर वर्षे चघळला गेला आहे. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. वाद घालणारे सारे बरोबरीचे होते, नियम त्यांनी स्वतःच केले होते आणि जो त्याग एकाने मागितला तो त्याने स्वतः आधी केलेला होता. वेतनाची चर्चा त्यांनी उघडपणे केली. ध्येयवादी माणसाने पैशाचे नावच काढू नये, ही कल्पना त्यांच्या पिढीची नव्हे. ती आपली आहे.

अर्थात त्या काळाच्या हिशेबातही एक रकाना कोरा राहिला, हे कबूल केले पाहिजे. ध्येय एकाचे आणि त्याची किंमत मोजणारे दुसरे, असे अनेक घरांत घडले. धोंडो केशव कर्वे यांनी संस्थेसाठी संसाराची पर्वा केली नाही. त्या संसाराची ओढाताण काय होती, ते आनंदीबाई कर्वे यांनी 'माझे पुराण' (१९४४) या आत्मकथनात परखडपणे सांगून ठेवले आहे. साताऱ्याच्या वसतिगृहातील मुलांच्या तोंडी घास पडावा म्हणून कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही मोडले. १९३० साली त्या गेल्या. रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष आपण अभिमानाने पाहतो. त्याच्या मुळाशी कोणाचे सोने पुरले गेले, याची आठवण ठेवणे हाही ध्येयवादाचाच भाग आहे. लक्ष्मीबाईंचे मोठेपण असे की, त्यांनी ते ध्येय आपलेसे केले. पण प्रत्येक घरातील स्त्रीला तशी निवड करण्याची मुभा होती, असे कोण म्हणेल?

'सेवक' आणि 'मानधन'

१९०५ साली गोखल्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच्या सभासदांना सात शपथा घ्याव्या लागत. कुटुंबासाठी समाज जी तजवीज करील तीत समाधान मानायचे, ही त्यांपैकी एक. 'सेवक' ही पदवी त्यांनी आपणहून धारण केली होती. बरोबर पंचाण्णव वर्षांनी, म्हणजे २००० साली, महाराष्ट्र शासनाने 'शिक्षणसेवक' योजना आणली. नव्या शिक्षकाने तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करायचे आणि मगच त्याला नियमित वेतनश्रेणी मिळायची, अशी ही व्यवस्था. प्राथमिक शाळेतील शिक्षणसेवकाचे मानधन प्रारंभी महिना ३,००० रुपये होते. २०२३ साली ते १६,००० रुपये करण्यात आले. सरकारी तिजोरीवर ताण आहे, म्हणून कमी पगार देतो, असे सरळ सांगितले असते तर त्यावर वाद घालता आला असता. पण 'शिक्षक' या शब्दाच्या जागी 'शिक्षणसेवक' आला आणि काटकसरीला व्रताची वस्त्रे मिळाली.

'मानधन' हा शब्दही असाच. वस्तुतः मोलाने ज्याची भरपाई होऊ शकत नाही अशा कामाबद्दल सन्मानाने द्यावयाचे ते मानधन. १९७५ साली सुरू झालेल्या बालविकास योजनेतील अंगणवाडीच्या बाईंना आपण 'सेविका' म्हणतो आणि त्यांना वेतन न देता मानधन देतो. लहान मुलांचे पोषण, नोंदवह्या, लसीकरणाला मदत, पाहण्या अशी कामे त्या वर्षानुवर्षे करतात. गुजरातेतील सेविकांच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली, त्यांना मिळणारे मानधन हे वेतनच होय आणि त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय दिला. जे कोशाने सांगायचे ते अखेर न्यायालयाला सांगावे लागले.

व्यासपीठावर ज्याला ध्येयवादी म्हणायचे, त्याच्याविषयीच पाठीमागे "घरचे खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजतो" असे म्हणायचे, ही आपली रीत आहे. दोन्ही उद्गारांचा मथितार्थ एकच: त्याला काही द्यावे लागत नाही.

कर्तव्याला ध्येय म्हणण्याचा धोका

दुरुपयोगाची आणखी एक तऱ्हा कचेऱ्यांतून आढळते, आणि ती अधिक घातक आहे. एखादा कारकून वेळेवर येतो, आलेल्या कागदाला पोच देतो, टेबलाखालून काही घेत नाही. त्याला सहकारी काय म्हणतात? "तुम्ही फारच ध्येयवादी बुवा!" वरकरणी ही स्तुती आहे. पण या स्तुतीत एक कावा दडलेला असतो. वेळेवर येणे, पोच देणे, लाच न घेणे ही नोकरीची अट आहे. तिला ध्येयवाद म्हटले की ती अट न पाळणे हा 'व्यवहार' ठरतो आणि सारे सुटतात. किमान रेषेला शिखर म्हणून घोषित करावे, म्हणजे पायथ्याशी बसून राहायला कोणाची हरकत नाही!

म्हणून हे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. कर्तव्य मागून घेता येते. ते न केल्यास जाब विचारता येतो आणि केल्यास त्याचे मोल चुकते करावे लागते. ध्येय मागता येत नाही. ते कोणी आपणहून स्वीकारले तर त्याचा आदर करावा, जमल्यास त्यात सहभागी व्हावे. जो समाज कर्तव्याला ध्येय म्हणतो तो आळशी होतो. जो समाज ध्येयाला कर्तव्य म्हणून दुसऱ्यावर लादतो तो कृतघ्न होतो. आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू आहेत.

हे वाचून एखाद्या तरुण विद्यार्थ्याने, "मग ध्येयवादाच्या वाटेला जाऊच नये की काय?" असे विचारले तर त्याला मी तसे मुळीच सांगणार नाही. आदर्श वायूवाचून रसायनशास्त्र चालत नाही, तसा ध्येयावाचून समाजही पुढे सरकत नाही. आगरकर अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले. पण त्यांनी ज्या गोष्टींसाठी लोकनिंदा सोसली त्यांपैकी कितीतरी आज आपल्याला श्वासोच्छ्वासाइतक्या सहज वाटतात. ध्येय अवश्य धरावे. ते आपले आपण निवडावे, त्याची किंमत घरातील कोण मोजणार आहे हे आधी त्या माणसाला विचारावे, आणि "तुम्ही ध्येयवादी आहात" असे म्हणून कोणी काम पुढे सरकवले तर, त्याच कामातला आपला वाटा तो किती उचलणार आहे, एवढे नम्रपणे विचारून घ्यावे.

त्या निरोपसमारंभातील शिक्षकांनी 'ध्येयवादी' ही पदवी स्वीकारली नाही की नाकारलीही नाही. आपल्याला गोडी होती एवढेच ते म्हणाले, आणि ते मला त्या संध्याकाळच्या सर्व भाषणांपेक्षा ध्येयवादाच्या अधिक जवळचे वाटले. पाच-सहा वक्त्यांपैकी एकाने जरी ते विशेषण गाळून, त्यांच्या तीन अर्जांचे काय झाले हे सभेत सांगितले असते, तर संस्थेच्या ध्येयवादाचीही त्या दिवशी परीक्षा झाली असती.